पिक्चर आवडला नाही, हे आपल्याच माणसांना सांगायचं कसं?

डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांना सिनेमाचं वेड आहे. गोव्यात मराठी चित्रपट लागला की पहिल्या शनिवार-रविवारी त्या पाहून येतात. गावातल्या मैत्रिणींचा भिशीचा गट आहे आणि अधूनमधून सगळ्या मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करून पणजीला किंवा पर्वरीला पिक्चरला जातात. कुठला पाहायचा हे यांना विचारूनच ठरतं. मध्यंतरी एक मराठी चित्रपट त्या आधी एकट्या पाहून आल्या. परतीच्या बसमधूनच त्यांनी गटावर लिहिलं : "इंटरव्हलपर्यंत ठीक. नंतर नुसतं रडणं आणि कानठळ्या बसवणारं म्युझिक. नाही गेलात तरी चालेल." झालं, गाडी रद्द झाली. मग कळलं, की गटातल्याच एका मैत्रिणीचा भाचा त्या चित्रपटाच्या कलाविभागात कामाला होता आणि सगळ्यांना घेऊन जायचं तिच्या फार मनात होतं. तिनं गटावर एवढंच लिहिलं : "आमचे मराठी पिक्चर आमीच मारतात." तेव्हापासून ती यांच्याशी मोजकंच बोलते. आता चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो भाचा गावी येणार आहे. त्यात भर म्हणजे वर्तमानपत्रांनी त्याच चित्रपटाला भरभरून तारे दिलेत. पत्रात त्या विचारतात : माझंच मत चुकलं का? यापुढे गप्प बसू? की मराठी आहे म्हणून चांगलंच बोलू? आणि त्या मुलाला काय सांगू?

प्रिय ताई,

तुम्ही त्या मेसेजमधली वाक्यं जशीच्या तशी पाठवलीत ते फार बरं केलंत, कारण उत्तराचा मोठा भाग त्यातच आहे. इंटरव्हलपर्यंत ठीक, नंतर रडणं, मोठं म्युझिक. इथवर तुम्ही काय पाहिलं आणि ऐकलं ते आहे. त्यावर तुमचा पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी कुणाची माफी मागायचं कारण नाही. "नाही गेलात तरी चालेल" हे मात्र पुढचं पाऊल होतं. तिथे तुम्ही बाकीच्या बायकांचा रविवार त्यांच्या वतीनं ठरवून टाकलात. कढी आळणी झालीय म्हणणं वेगळं आणि जेवायला येऊ नका म्हणणं वेगळं. मैत्रिणीला बोचलं असेल ते हे शेवटचं वाक्य, असं मला वाटतं. आधीच्या दोन वाक्यांवर तिनं वाद घातला असता, कदाचित हसलीही असती.

हा दोष एकट्या तुमच्या माथी मारायची माझी तयारी नाही. तुमच्या एका मेसेजनं आख्खी गाडी रद्द होते, याचा अर्थ त्या बायकांना कुणीतरी ठरवून द्यायला हवंच असतं. त्याला कारणंही आहेत. डिचोलीहून पर्वरीला जाऊन पिक्चर पाहून परत यायचं तर अख्खी दुपार आणि संध्याकाळ जाते. तिकीट, गाडीभाडं, मध्यंतरातलं खाणं, घरच्यांचं रात्रीचं जेवण आधी करून ठेवायचं. एवढं करून पिक्चर भिकार निघाला तर घरी टोमणे ऐकायचे ते वेगळेच. म्हणून एकमेकींना फोन जातात, "पिक्चर बरें आसा गो? वचूं या काय नाका?" बाईला परीक्षण नको असतं, तिला हमी हवी असते. तुम्ही ती वर्षानुवर्षं देत आलात आणि म्हणूनच तुमच्या शब्दाला वजन आलं.

माझी पहिली विनंती या हमीबद्दल आहे. ती देणं थांबवा. तुम्हाला काय आवडलं, काय खटकलं हे जरूर सांगा, पण जायचं की नाही हे समोरचीवर सोडा. "मला उत्तरार्ध लांबला असं वाटलं, पण आईचं काम करणारी बाई अप्रतिम आहे, तुला कौटुंबिक आवडतं ना, मग तुला आवडेल कदाचित." एवढं म्हटलं की ऐकणारीला स्वतःचं डोकं चालवायला जागा राहते.

आता तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, त्याकडे वळते. तुम्ही विचारता, माझं मत चुकलं का? जणू चित्रपटाला एक बरोबर उत्तर असतं, ते तारे देणाऱ्यांना सापडलं आणि तुम्हाला सापडलं नाही. मला हे पटत नाही आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही.

२०२५च्या सप्टेंबरात एका आठवड्याच्या अंतरानं दोन मराठी चित्रपट प्रदर्शित झाले. १२ तारखेला 'दशावतार' आला, १९ला 'सबर बोंडा'. पहिल्यात दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर म्हाताऱ्या दशावतारी नटाची भूमिका केली आणि त्या वयात जे केलं ते पाहून मी थक्क झाले. तुमच्या डिचोलीत, तिकडे पेडण्यात, सत्तरीत ज्यांनी जत्रेतलं दशावतारी नाटक पाहिलंय, त्यांना तो चित्रपट वेगळाच भिडतो. पेटाऱ्याजवळ बसून हातातल्या आरशात पाहत तोंडाला रंग लावणारा नट आपण लहानपणी पडद्यामागे डोकावून पाहिलेला असतो. संकासुर राक्षस आला की आईच्या पदरात तोंड लपवलेलं असतं. ज्यानं यातलं काहीच पाहिलं नाही, त्याला तो फक्त एक थरारपट वाटू शकतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर नटाचं घर, त्याची अधू होत चाललेली नजर, बाप-लेकातलं प्रेम हा भाग मला फार मोलाचा वाटला, आणि सूडाचा भाग सुरू झाल्यावर माझी त्या माणसावरची पकड सैल झाली.

पण त्याच चित्रपटात खाण आहे. कोकणातल्या गावावर येऊ घातलेली खाण हा त्याच्या कथेचा कणा आहे. डिचोली, सांखळी, सत्तरीतल्या प्रेक्षकाला खाण म्हणजे निव्वळ खलनायक कशी वाटेल? तुमच्याकडे अशी घरं आहेत, की ज्यांच्या विहिरी खाणीपायी आटल्या, शेतात लाल चिखल आला. आणि अशीही घरं आहेत, बहुधा त्याच वाड्यावर, ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतला आणि २०१२मध्ये व पुन्हा २०१८मध्ये खाणी बंद पडल्यावर हप्ते कसे भरायचे म्हणून रात्री जागून काढल्या. हे दोघे शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून एकच चित्रपट पाहतील आणि दोन वेगळी मतं घेऊन बाहेर पडतील. दोघांचीही मतं खरी आहेत, आणि मुंबईत बसून तारे देणाऱ्या समीक्षकाला या दोन्हींची कल्पना असेलच असं नाही. तुमच्या गटात यावर बोलणं झालं असतं तर मला तिथे बसून ऐकायला मनापासून आवडलं असतं.

'सबर बोंडा'चं उलट. त्याला २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी शहरातून गावी आलेला मुलगा, लग्न कधी करणार म्हणून मागे लागलेले नातेवाईक, आणि लहानपणीचा मित्र, ज्याच्याशी त्याचं प्रेमाचं नातं जुळतं. लांबलांब, स्थिर दृश्यं. घाई कुठेच नाही. मला तो जवळचा वाटला, विशेषतः त्यातली आई. पण तुमच्या गटातली एखादी बाई "काहीच घडत नाही" म्हणाली असती, तर तिला मी अडाणी म्हणणार नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला संथ चित्रपटात डुलकी लागते, आणि तिथलं पारितोषिक तिची डुलकी काढून घेऊ शकत नाही. फक्त, ती "मला संथ वाटला" म्हणाली तर ते तिचं राहतं. "बेकार आहे" म्हणाली, की ऐकणारीच्या वाटेत दगड पडतो.

आणखी एक. चित्रपट आपण कुणाबरोबर पाहिला, याचाही मतावर फार परिणाम होतो. २०२३मध्ये 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा बायकांचे गटच्या गट साड्या नेसून, गॉगल लावून थिएटरात गेले. पटकथा म्हणून मला त्यात काही जागा फार गोड, फार सोप्या वाटल्या. पण आजूबाजूला साठीच्या बायका मोकळेपणी हसत होत्या, मंगळागौरीला शिट्ट्या मारत होत्या, आणि सहा बहिणींपैकी आपण कोण हे एकमेकींना सांगत होत्या. तो आवाज वगळून त्या चित्रपटाबद्दल बोलणं मला अर्धवट वाटतं. तुम्ही हा वादातला चित्रपट एकट्यानं पाहिलात, बहुधा अर्ध्या रिकाम्या थिएटरात. गटाबरोबर पाहिला असता तर तेच रडणं तुम्हाला तितकंच खटकलं असतं का? कदाचित खटकलं असतंच. पण प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

आता मैत्रिणीच्या वाक्याकडे येते, कारण ते मला अजिबात किरकोळ वाटत नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी चित्रपटांचे खेळ सोयीच्या वेळेत लावायला सांगितलं. तो आदेश महाराष्ट्राचा, पत्रादेवीची सीमा ओलांडून अलीकडे गोव्यात आलं की त्याचा उपयोग नाही. इथे मराठी चित्रपटाला पुष्कळदा एकच खेळ मिळतो, तोही अडनिड्या वेळी, आणि पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर पुढच्या शुक्रवारी तोही जातो. म्हापशातलं 'अलंकार', पणजीतली 'सम्राट'-'अशोक' अशा थिएटरांच्या जुन्या काळात चित्रपटाला मूळ धरायला वेळ मिळायचा. आता तो मिळत नाही. अशा परिस्थितीत एक भरलेली टेम्पो ट्रॅव्हलर म्हणजे खरोखरच काहीतरी असतं. मैत्रीण भाच्यासाठी बोलली हे खरं, पण ती जे बोलली ते भाच्यापुरतं नाही.

मात्र तिचा उपाय मला मान्य नाही. मराठी आहे म्हणून चांगलंच बोला, असा दंडक पडला की सगळ्यात आधी तुमच्याच शब्दाची किंमत जाईल. दोन पडेल चित्रपटांना तुम्ही छान म्हणालात, गट दोनदा जाऊन वैतागून आला, की तिसऱ्यांदा खरोखर चांगल्या चित्रपटासाठी तुम्ही कळवळून सांगाल आणि कुणी हलणार नाही. आपल्या भाषेच्या सिनेमासाठी प्रेक्षकानं करायची गोष्ट सरळ आहे. लागला की जायचं, तिकीट काढून जायचं, आणि मग मोकळेपणानं बोलायचं. तुम्ही पहिल्या आठवड्यातच जाता. "आमीच मारतात" हा आरोप तुम्हाला लागू होत नाही.

शिवाय आपल्या गोव्याची चाल पाहा. जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याची चिरफाड सुरू होते, ती करणाऱ्यांत नाटकातल्या नटाचा सख्खा भाऊही असतो. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतला प्रयोग सुटला की प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर उभं राहून लोक दिग्दर्शकाला तोंडावर सांगतात, दुसरा अंक पडला म्हणून. ते ऐकून कुणी नाटक सोडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा उभा राहतो आणि तेच टीकाकार तालमीला चहा घेऊन येतात. गावातल्या रंगभूमीवर आपण हे निभावतो. सिनेमाच्या बाबतीत आपण हळवे होतो, कारण तो करणारी माणसं सहसा आपल्या ओळखीची नसतात आणि अचानक एक ओळखीचं निघालं की काय बोलावं ते सुचत नाही.

तर त्या मुलाबद्दल. त्यानं कलाविभागात काम केलंय. पटकथा त्याची नाही, पार्श्वसंगीत त्याचं नाही, उत्तरार्धाची लांबी त्यानं ठरवलेली नाही. तुम्हाला जे खटकलं त्यातलं बहुधा काहीच त्याच्या हातात नव्हतं. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी काय केलं असेल? भिंतींचे रंग, स्वयंपाकघरातली भांडी, कॅलेंडरवरचं साल, खुंटीवरची छत्री, म्हातारीच्या उशाशी असलेली औषधाची बाटली. हे तुम्ही पाहिलंत का? आठवून पाहा. आठवत नसेल तर तो आला की सरळ विचारा, "तुमच्या विभागानं काय काय उभं केलं? ते घर खरं होतं की सेट होता? तुळशीवृंदावन कुठून आणलं?" मुलं या प्रश्नांनी फुलतात. कारण घरचे फक्त "हिरोला भेटलास का" एवढंच विचारतात. आणि त्यानं "मावशी, पिक्चर कसा वाटला?" असं विचारलंच, तर खोटं बोलू नका. इंटरव्हलनंतर माझं मन जरा उडालं, म्युझिक मला जास्त झालं, असं शांतपणे सांगा. त्याला बहुधा तुमच्याहून जास्त तक्रारी असतील. सेटवर काम करणाऱ्या माणसाला चित्रपटाच्या दुखऱ्या जागा सगळ्यांआधी ठाऊक असतात.

मैत्रिणीशी मात्र तो यायच्या आधी बोला, आणि गटावर नको, तिच्या घरी जाऊन. चवथीच्या तयारीत घर झाडायचं चाललं असेल, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी चालली असेल, त्यात हात लावत बोलणं निघालं तर उत्तमच. "तुझा भाचा त्यात आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मला जे वाटलं तेच वाटलं असतं. पण सगळ्यांना जाऊ नका म्हणायला नको होतं." हे तिन्ही एका दमात सांगा. मधलं वाक्य गाळून फक्त माफी मागितलीत, तर पुढच्या वेळी पुन्हा हाच पेच उभा राहील. ती लगेच विरघळेलच असं मी म्हणत नाही. तिनं भाच्याचं नाव श्रेयनामावलीत सगळ्या मैत्रिणींबरोबर मोठ्या पडद्यावर वाचायचं ठरवलं होतं, ते राहिलं. ही रुखरुख जायला वेळ लागेल. तो चित्रपट मोबाईलवर, टीव्हीवर आला, की तिच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहायचा बेत तुम्हीच पुढे होऊन काढा. आणि शेवटची नामावली संपेपर्यंत कुणाला उठू देऊ नका.

गप्प बसू का, या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. चित्रपट पाहून बोलणारी माणसं नसतील तर चित्रपट थिएटराच्या दारातच संपतो. पण एक पथ्य पाळा, जे मी स्वतः इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात शिकले. २००४पासून हा महोत्सव पणजीत भरतो, तेव्हा नोव्हेंबरात तिथे गळ्यात ओळखपत्र घातलेल्यांच्या रांगा लागतात. एक चित्रपट सुटतो, पुढच्याच्या रांगेत उभं राहायचं असतं, आणि त्या रांगेत, डोळे अजून उजेडाला सरावलेले नसताना, मतं फेकली जातात. "मास्टरपीस." "टाइमपास." जेवणाच्या वेळेपर्यंत ही मतं इतकी पक्की होतात, की ज्यांनी चित्रपट पाहिलाच नाही तेही ती दुसऱ्याला सांगू लागतात. मी आता तिथे त्या दिवशी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जे आठवतं त्याबद्दल बोलते. कधी रात्री फार आवडलेल्या चित्रपटातलं सकाळी एकही दृश्य डोळ्यांपुढे येत नाही. कधी कंटाळवाणा वाटलेला चित्रपट दोन-तीन दिवस पाठ सोडत नाही. तुम्ही परतीच्या बसमधूनच लिहिलंत. घरी येऊन, झोपून, सकाळी शाळेत जाताना काय आठवलं असतं ते मला कळायला हवं होतं.

तुमच्यासारखेच प्रश्न मला आणखीही काहींनी विचारलेत. कुणाच्या सासऱ्यांना जुन्याशिवाय काही चांगलं वाटत नाही, कुणाचा मुलगा मराठी म्हटलं की नाक मुरडतो, कुणाला मंडळात "तू काय मोठी समीक्षक" म्हणून ऐकावं लागतं. त्या सगळ्यांना एकच सुचवते. चित्रपटाबद्दल बोलताना एक तरी प्रसंग नीट, बारकाव्यानिशी सांगा. कोण कुठे उभं होतं, कुणी काय म्हटलं, तुमच्या पोटात कधी कालवलं किंवा तुम्ही घड्याळात कधी पाहिलं. चांगला-वाईट यावर भांडण पटकन लागतं. प्रसंग सांगितला की समोरचा म्हणतो, "अरे हो, पण मला तिथे वेगळंच वाटलं," आणि बोलणं पुढे चालू राहतं. सासऱ्यांना जुना चित्रपट का आवडतो हे त्यांच्या आवडत्या एका दृश्यावरून विचारून पाहा, ते तासभर बोलतील. मुलाला घेऊन जायचं असेल तर त्याला भाषेच्या अभिमानाचं भाषण देऊ नका, ट्रेलरमधलं एक दृश्य दाखवा आणि पुढे काय होईल ते विचारा.

आणि ताई, पणजीला मराठी चित्रपट महोत्सव भरत आला आहे, तिथे एकाच आठवड्याअखेरीला निरनिराळ्या धाटणीचे मराठी चित्रपट पाहायला मिळतात, कलाकारही येतात. पुढचा भरला की गटाला तिथे न्या, पण कुठला खेळ कुणी पाहायचा हे तुम्ही ठरवू नका. प्रत्येकीनं आपापला निवडावा. तुमच्या मैत्रिणीला पहिली निवड करू द्या, आणि ती निवडेल तो चित्रपट तुम्ही तिच्या शेजारी बसून पाहा.